तापीकाठी टरबूज, ठिबक आणि करडांचं नुकसान : कोल्हाच आहे का, माग कसा काढायचा?

तापीकाठ_चोपडा

राम राम मंडळी.

शेत तापीच्या घळींना लागून आहे. दोन एकर टरबूज, बांधापलीकडे केळी, मळ्यात १४ शेळ्या. गेल्या तीन आठवड्यांत दोन करडं गेली. एका शेळीच्या मागच्या मांडीवर आणि कानावर चावे आहेत, ती वाचली. टरबुजं फोडलेली सापडतात, केळीत ठिबकच्या नळ्या जागोजागी चावलेल्या. दिवस मावळला की घळीतून कोल्हेकुई सुरू होते, त्यामुळे गावात सगळ्यांनी कोल्ह्याचंच नाव घेतलंय.

काही पोरं मोबाइलवर अमेरिकेच्या वाळवंटातल्या कोयोटीच्या (तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी) शिकारीचे व्हिडिओ बघतात. तिकडे जखमी सशाचा आवाज स्पीकरवर लावतात आणि कोयोटी समोर येऊन उभा राहतो. आता इथेही "आवाज लावू, फासे टाकू" असं चाललंय. मला फासा, विष यातलं काही करायचं नाही, पण नुकसान थांबलं पाहिजे. नेमकं कोण येतंय हे एका दिवस-रात्रीत कळेल का? गोठ्याला काय करावं? करडांची भरपाई मिळते का?

माळरान_शिंदखेडा

दादा, आधी ते फाशांचं पोरांच्या डोक्यातून काढा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, कोल्हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. लांडगा आधीपासूनच होता. आणि शिकार म्हणजे फक्त जीव घेणं नाही. फासा लावणं, विष घालणं, आमिष टाकणं, हाकारून बाहेर काढणं, यातल्या कशाचा नुसता प्रयत्न करणं, हे सगळं कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे. शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, दंड किमान २५,००० रुपये. शेत स्वतःचं आहे म्हणून सूट मिळत नाही. रानडुकरासाठी परवानगी काढायची जी सोय आहे ती कोल्ह्याला लागू नाही.

कोयोटी हा उत्तर आणि मध्य अमेरिकेतला प्राणी. ॲरिझोनात परवाना काढून तो वर्षभर मारता येतो, म्हणून ते व्हिडिओ. आणि इतकी वर्षं मारूनही तो तिथे संपलेला नाही, उलट खंडभर पसरला. पण त्या शिकाऱ्यांची एक विद्या खरोखर घेण्यासारखी आहे : उजाडायच्या आत जागेवर जाणं, वारा तोंडावर घेऊन बसणं आणि जमीन वाचणं. आपल्याला तेवढंच पुरे आहे.

माग असा काढा.

दुपारी चारच्या सुमाराला शेताच्या कडेने एक पूर्ण फेरी मारा. जनावर दर वेळी नवी वाट काढत नाही. घळीतून वर येणारी नाळ, बांधाची फट, तारेखालची उकरलेली जागा, केळीच्या दोन ओळींमधला मोकळा पट्टा अशा ठिकाणी वाट पडलेली असते. तारेच्या खालच्या पदराला केस अडकलेत का बघा. अशा चार-पाच जागा निवडा आणि त्यातली एक गोठ्याच्या मागे, एक टरबुजाच्या कोपऱ्याला हवीच.

त्या जागी मागाची पट्टी करा : एक मीटर रुंद, दोन मीटर लांब. नाल्यातला कोरडा गाळ किंवा पोयट्याची माती बारीक चाळणीने चाळून एक सेंटिमीटर जाडीचा थर द्या आणि फळीने सपाट ओढा. काळी माती वापरू नका, तिची ढेकळं होतात आणि ठसा कडेने फुटतो. जाड वाळूत ठसा उमटतो पण लगेच ढासळतो, मग कोल्ह्याचा आणि कुत्र्याचा सारखाच दिसतो. तपासायचं कसं? आपलं बोट हलकं टेका. बोटाच्या रेषा दिसल्या तर पट्टी जमली. पाणी मारण्याचा मोह होतो, मारू नका. वर खपली धरते आणि ८-१० किलोच्या जनावराचा पाय तीत नीट रुतत नाही.

सहा वाजेपर्यंत सगळं उरकून तिथून निघा. रात्री तिकडे बॅटरी घेऊन फेऱ्या नकोत. मळ्यातला कुत्रा त्या रात्री बांधून ठेवा आणि त्याचा एक ठसा वेगळ्या पट्टीवर मुद्दाम घेऊन ठेवा. सकाळी तुलनेला तोच सगळ्यात जास्त कामाला येतो.

सकाळी सूर्य वर आला की लगेच वाचा. ठसा आपल्या आणि सूर्याच्या मध्ये ठेवून खाली वाकून बघा. तिरप्या उन्हात कडांची सावली पडते आणि नखांचे ठिपकेसुद्धा दिसतात. नऊ वाजले की सावली आखडते, वारा सुटतो, कोंबड्या फिरतात, सगळं पुसतं. फोटो बरोबर वरून, शेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवून काढा. तिरका फोटो मापाला चालत नाही.

आता ओळख. कोल्ह्याचा पुढचा पंजा साधारण ५ सेंटिमीटर लांब आणि अरुंद, नखं बारीक आणि टोकदार. मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूला एकमेकींना जुळलेल्या असतात. चांगल्या पट्टीवर ते जुळणं उलट्या लहान कमानीसारखं दिसतं. ही खूण मिळाली तर शंका उरत नाही. खोकड (लहान जातीचा कोल्हा) याहून बरंच लहान, साडेतीन सेंटिमीटरच्या आतबाहेर, आणि ते शेळीच्या वाटेला जात नाही. लांडगा ८ ते ९ सेंटिमीटर. तरसाचा पुढचा पाय मागच्यापेक्षा ठळक मोठा. बिबट्याचा ठसा गोल, नखं नाहीत, टाचेच्या गादीला मागे तीन गोलसर भाग.

घोटाळा होतो तो गावठी कुत्र्याशी. माप नेहमी वेगळं पडेलच असं नाही, म्हणून एक ठसा बघून निकाल देऊ नका, चाल बघा. कोल्हा कामाला निघाल्यासारखा सरळ रेषेत जातो, मागचा पाय पुढच्याच्या ठशावर किंवा अगदी लगत पडतो. कुत्रा भटकतो, वळसे घेतो, थांबतो, परत फिरतो, त्याची बोटं पसरलेली आणि नखं बोथट असतात.

विष्ठाही बघा. कोल्हा ती उघड्यावर, वाटेच्या फाट्यावर, दगडावर किंवा गवताच्या बुडख्यावर टाकतो. टोकाला पीळ, आत उंदराचे केस, बोरांच्या बिया. तरसाची पांढरी पडते, गोळ्यागोळ्यांची, आणि एकाच जागी बरीच साठलेली असते. काडीने उकला, हात लावू नका.

केळी_ठिबक_रावेर

नळ्यांचं वेगळं सांगतो, कारण सगळ्या चावलेल्या नळ्या एकाच्या नावावर लागतात आणि मग उपाय चुकतो.

उंदीर आणि खार नळी कोरतात : दोन-दोन बारीक समांतर खाचा, भोक एकाच अंगाला, बहुतेक पाल्याखाली. कोल्हा चावतो : नळी चपटी झालेली, वरून आणि खालून समोरासमोर गोल भोकं, कधी तुकडा ओढून दोन-तीन मीटरवर टाकलेला. रानडुक्कर नळीसाठी येत नाही, ते मुळं-कंद उकरतं. नळी त्यात उचकटली जाते आणि भोवतालची माती नांगरल्यासारखी उलटलेली असते.

मार्चनंतर घळीतले डोह आटले की कोल्ह्याला रात्री पाणी लागतं. नळीत उरलेल्या पाण्याचा वास त्याला लागतो. म्हणून घळीच्या तोंडाशी पाण्याची उथळ कुंडी ठेवा, सहा इंच खोल पुरे, एका बाजूला दगडांचा उतार, म्हणजे सरडा-पाखरू पडलं तरी बाहेर येईल. रोज संध्याकाळी ४०-५० लिटर भरा, तीन-चार दिवसांनी घासून काढा. कुंडी गोठ्यापासून आणि टरबुजापासून लांब हवी, शंभर मीटर तरी. गोठ्याजवळ ठेवलीत तर जनावर आपणच दारात बोलावलं असं होईल. शिवाय ज्या पट्ट्याला पाणी चालू नाही तिथल्या नळ्या गुंडाळून वर टांगा.

दुरुस्ती करताना चावलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच जास्तीचं कापा. दाताने चिरलेली नळी बाहेरून शाबूत दिसते आणि जॉइनर लावल्यावर दाब आला की तिथूनच फाटते. १६ मिमीचा जॉइनर बसत नसेल तर नळीचं टोक कोमट पाण्यात धरा, जाळावर नको. जोडून झालं की एंड कॅप उघडून लॅटरल (ओळीतली ठिबकची नळी) धुऊन काढा, नाहीतर भोकातून आत गेलेली माती पुढचे ड्रिपर बुजवते.

टरबुजाचं म्हणाल तर कोल्हा पिकलेलं फळ हेरतो, एका जागी फोडून आतला गर खातो. साळिंदराच्या दातांच्या रुंद, पटाशीने तासल्यासारख्या खुणा पडतात. डुक्कर वेलासकट तुडवतं. फुटलेली फळं रोज सकाळी उचलून पुरा. बांधावर टाकली तर दुसऱ्या रात्री त्या वासावर आणखी येतात.

गुरांचा_दवाखाना

शेळीच्या जखमांवरून दोन गोष्टी.

मागची मांडी आणि कान, हे कुत्र्याच्या हल्ल्याचं लक्षण आहे. कुत्री मागून धरतात, पळवतात, चार जनावरांना चावतात आणि खातात थोडं. कोल्हा एवढ्या मोठ्या शेळीला सहसा हात घालत नाही. तो करडू उचलतो, ते सापडत नाही किंवा पोटाकडून खाल्लेलं सापडतं. बिबट्या गळा धरतो, खोल सुळ्यांची मोजकी भोकं, बाकी अंग स्वच्छ, आणि ओढून नेल्याची खूण.

पुढे एखादं जनावर मेलेलं सापडलं तर कातडी सोलून चाव्यांच्या खाली बघायला आम्हाला बोलवा. चाव्याखाली रक्त साकळलेलं असेल तर जनावर जिवंत असताना चावलंय. कातडीखाली पांढरं स्वच्छ असेल तर ते आधीच दुसऱ्या कशाने मेलं आणि नंतर कुणीतरी खाल्लं. आंत्रविषाराने (आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणारा आजार) रात्रीत मेलेली करडं पुष्कळदा कोल्ह्याच्या नावावर जातात, मग लस द्यायची राहते आणि पुढची करडं मरतात.

वाचलेल्या शेळीला रेबीजची लस अजून दिली नसेल तर आजच सुरू करा. चाव्यानंतरचे डोस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची असते, हातमोजे घालून. शेळीची लाळ आपल्या उघड्या जखमेला लागू देऊ नका. भरदिवसा माणसाला न बुजणारा, तोल जाणारा, दिसेल त्याला चावणारा कोल्हा किंवा कुत्रा दिसला तर जवळ जाऊ नका, वनविभागाला कळवा. माणसाला चावा बसला तर तसंच १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते मागून घ्या.

साक्री_वाडा

गोठ्याबद्दल. मेंढपाळ वाघर (मेंढ्यांभोवतीची जाळी) लावतात तेव्हा जाळीच्या खालच्या काठावर बाभळीच्या काट्या दाबतात, ते उगाच नाही. कोल्हा वरून येत नाही, खालून येतो. पक्क्या गोठ्यातही तेच. पाच फूट उंच, दोन इंची चेन-लिंक जाळी घेतली तरी ती जमिनीवर नुसती टेकली असेल तर अर्ध्या तासात उकरून आत येतो. जाळीचा खालचा दीड फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरा आणि त्यावर दगड रचा. जनावर भिंतीलगत उकरायला जातं आणि पायाखाली जाळीच येते. मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही.

दाराखालची फट तीन इंचांपेक्षा कमी हवी. बहुतेक गोठे इथेच हुकतात, भिंत भक्कम आणि दाराखालून हात जातो. महिन्याच्या आतली करडं रात्री आतल्या खोलीत किंवा डालग्याखाली, वर वजन ठेवून. सातपुड्याच्या बाजूला बिबट्या आहे, तिथे वरूनही जाळी लागते. उघडा वाडा बिबट्याला अडवत नाही.

शेळी व्यायली की वार (गर्भाची झार) पडते ती लगेच दोन-तीन फूट खोल पुरा. व्यायल्यानंतरच्या चार-पाच रात्री सगळ्यात धोक्याच्या. एप्रिल-मेमध्ये कोल्ह्याची पिल्लंही घळीत असतात, त्यांना चारायचं असतं म्हणून तो जास्त धीट होतो. बीळ सापडलं तरी धूर करू नका, बुजवू नका. तोही गुन्हाच आहे, आणि जोडी तिथून उठून शेतातच दुसरीकडे बसते.

कुत्रे दोन ठेवा, एक नको. एकट्या कुत्र्याला कोल्हे भुलवून लांब नेतात. पिल्लू दोन महिन्यांचं असल्यापासून शेळ्यांतच वाढवा, घरात नाही. बिबट्या-लांडग्याच्या भागात गळ्यात खिळ्यांचा पट्टा, आणि रेबीजची लस दरवर्षी.

लुकलुकणारे दिवे चालतात, पण तीन-चार रात्रींनी जागा आणि उंची बदलली तरच. एकाच खांबावर महिनाभर ठेवलेला दिवा त्याच्या लेखी चंद्रासारखा होतो. शेताभोवती साड्या बांधण्याचा कोल्ह्याला उपयोग नाही, तो खालून जातो.

झटका_मशीन_अमळनेर

टरबुजासाठी झटका मशीन (कुंपणाच्या तारेत करंटचे ठोके सोडणारं) चालतं, पण रोह्यासाठी (नीलगायीसाठी) बांधलेली तार कोल्ह्याला कामाची नाही. त्याला खालच्या तारा लागतात : जमिनीपासून ६, १२ आणि १८ इंचांवर. त्याचं अंग केसाळ असतं, झटका नाकाला किंवा पायाला बसला तरच बसतो.

मार्च-एप्रिलमध्ये "मशीन टिकटिक करतंय पण झटका नाही" अशी तक्रार येते, ती नव्वद टक्के वेळा अर्थिंगची असते. जमीन वाळली की करंट परत यायला वाट राहत नाही. तीन सळया, प्रत्येकी सहा फूट, एकमेकींपासून दहा फुटांवर ठोका आणि उन्हाळ्यात तिथे रोज घागरभर पाणी ओता. तरीही जमत नसेल तर एक तार झटक्याची, एक अर्थिंगची अशी आलटून-पालटून ओढा, म्हणजे कोरड्या जमिनीवरही जनावर दोन तारांना टेकलं की झटका बसतो. टेस्टरने कुंपणाच्या शेवटच्या टोकाला मोजा, ४ केव्हीच्या (किलोव्होल्ट) खाली गेलं की कुठेतरी गवत टेकलंय. खालची तार असल्यामुळे आठवड्याला गवत कापावंच लागतं.

मेनचा करंट तारेत सोडू नका. झटका मशीन सेकंदाला एक क्षणभराचा ठोका देतं, पकडलेला हात सुटतो. मेनचा करंट धरून ठेवतो. रात्री पाणी भरायला आलेला शेजारी त्यात मरतो आणि सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो.

वनपाल_निवृत्त

भरपाईचं थोडक्यात. वन्यप्राण्याने पाळीव जनावर मारलं तर शासनाच्या यादीत कोल्हा आणि लांडगा दोन्ही आहेत. घटना ४८ तासांत जवळच्या वन कर्मचाऱ्याला कळवायची, फोन १९२६ वरही चालतो. पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. तुमच्या दोन करडांची मुदत गेली आहे.

पिकाच्या नुकसानीची यादी वेगळी : रानडुक्कर, हरीण, गवा, रोही, माकड, वानर, हत्ती. तिच्यात कोल्हा नाही, त्यामुळे टरबूज आणि नळ्यांसाठी कोल्ह्याच्या नावावर अर्ज करून चकरा मारू नका.

फोरेट (जहाल कीटकनाशक) घातलेलं मांस किंवा पीठ कुणी ठेवत असेल तर थांबवा. त्याच्या विक्रीवर २०२० अखेर बंदी आली आहे, तरी जुने साठे निघतात. त्यात आधी मळ्यातली कुत्री, मोर आणि घारी मरतात.

तापीकाठ_चोपडा

सगळ्यांचे आभार. पाच पट्ट्या केल्या, सकाळी वाचल्या. घळीची नाळ आणि टरबुजाचा कोपरा : ५ सेंमी, अरुंद, सरळ ओळ, मधल्या बोटांच्या गाद्या मागे जुळलेल्या. केळीतली पट्टी : तेच ठसे, आणि शेजारच्या नळीला समोरासमोर भोकं. बांधाच्या फटीवर काही नाही. गोठ्यामागे मात्र दोन मापांचे ठसे, ७ आणि साडेसहा सेंमी, रुंद, बोटं पसरलेली, गोल फिरलेले. ते घळीकडून नाही, रस्त्याकडून आलेत, तिकडे पोल्ट्री आहे. दाराखालची फट मोजली, पाच इंच. आमच्या कुत्र्याचा ठसा ६ सेंमी, तो बांधलेला होता.

माळरान_शिंदखेडा

मग हे दोन वेगळे चोर आहेत. टरबूज आणि नळ्या कोल्ह्याच्या, गोठा कुत्र्यांचा. शेळीची मांडी आणि कान त्याच्याशी जुळतात. फोटो जपून ठेवा, पोरांना दाखवायला तेच पुरे होतील.

पोल्ट्रीवाल्यांशी बोला. मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकल्या जात असतील तर कुत्र्यांची टोळी तिथेच जमते आणि कोंबड्या कमी पडल्या की शेळ्यांकडे वळते. चार फूट खोल खड्डा, प्रत्येक थरावर चुना आणि माती, वर झाकण. हे झाल्याशिवाय कुत्री हटणार नाहीत. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लस २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. ग्रामपंचायतीला अर्ज लेखी द्या, पोच घ्या, ठशांचे फोटो जोडा. कुत्र्याने मारलेल्या करडाची भरपाई वनविभाग देत नाही, आणि पंचनाम्यात चाव्यांवरून ते कळतंच.

दाराची फट आजच बंद करा, सागाची फळी आडवी ठोकली तरी चालेल. ती बाहेरून ठोका, आतून ठोकलेली ढकलली जाते. कुंडी घळीच्या त्याच नाळेच्या तोंडाशी ठेवा जिथे ठसे मिळाले. गोठ्यामागची पट्टी अजून तीन रात्री सपाट करत राहा. फळी लागल्यावरही कुत्री आली तर ती दारापाशी घुटमळून कुठल्या भिंतीकडे वळतात ते ठशांवरून दिसेल. जाळीचा आडवा पदर आधी त्या बाजूला पसरा.